आठवीतलं टेक्निकल आणि आपल्याला हवी असलेली शाळा

आमच्याकडं आता लेकरू सातवी पास झालं की पहिला प्रश्न येतो, फाउंडेशन, म्हणजे नीट-जेईईच्या तयारीचा क्लास, कुठं लावलं? लातूरला टाकणार, नांदेडला टाकणार की इथंच संभाजीनगरात बघताय? लग्नात विचारतात, बारशात विचारतात, भाजी घेताना विचारतात. शाळा कोणती हे मात्र कुणी विचारत नाही, कारण शाळा दाखल्यापुरती आणि शिकणं क्लासमध्ये, असं सगळ्यांनी मनोमन धरूनच टाकलंय. मला याचं फार वाईट वाटतं आणि गेली काही वर्षं हे डोक्यातून जात नाही म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

लातूर पॅटर्नला, म्हणजे परीक्षेची रात्रंदिवस तयारी करून घ्यायच्या तिथल्या पद्धतीला, नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगते. ज्या भागात पाऊस नाही, उसाला पाणी नाही आणि कापसाला भाव नाही, तिथल्या कोरडवाहू घरातली पोरं-पोरी डॉक्टर झाली, सरकारी कॉलेजात शिकली, ती या मेहनतीच्या जोरावर. लातूरच्या शिक्षकांनी रविवार पाहिला नाही की दिवाळी पाहिली नाही, आणि त्याचा फायदा आमच्या नात्यातल्या कितीतरी घरांना झालाय. पण त्या सगळ्या मेहनतीचं टोक कुठं जाऊन थांबतं? नीटच्या 180 प्रश्नांवर आणि 720 मार्कांवर. घर्षणावरची गणितं पोरगं धडाधड सोडवतं, पण लोखंडावर लोखंड घासलं की हाताला काय कळतं हे त्याला कुणी करूच दिलेलं नसतं. त्याच लातुरात रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना उभा आहे, 2018 ला पायाभरणी झाली, 2020 च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला, आणि आता तिथं वंदे भारत स्लीपरचं काम ठरलंय. एवढं मोठं वेल्डिंग, एवढं मोठं मोजमाप आपल्या गावात येतंय आणि गावातल्या नववीच्या पोराला त्याचा वाससुद्धा लागत नाही, ही गोष्ट मला पटत नाही.

मला असं वाटतं की मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या शहरात एक सरकारी शाळा पाहिजे, बिनफीची, आठवी ते बारावी, जिथं विज्ञान आणि इंजिनीअरिंग हा शाळेचा कणा असेल आणि वर्कशॉप हा त्या शाळेतला सगळ्यात मोठा हॉल असेल. क्लासला जोड म्हणून नको, शाळाच तशी पाहिजे. आणि हे मी कुठलं तरी परदेशी स्वप्न बघून बोलत नाहीये, यातला निम्मा भाग मी स्वतः आठवीत असताना जालन्यात अनुभवलाय.

आमच्या वेळी 'टेक्निकल' घ्यायची सोय होती. म्हणजे शाळा तुमची तुमचीच, पण आठवीपासून ठरलेल्या दिवशी सरकारी तांत्रिक विद्यालयात जायचं, तिथं वर्कशॉप, इंजिनीअरिंग ड्रॉइंग आणि मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलची मूलतत्त्वं शिकायची. मी नाव दिलं तेव्हा घरात आत्या म्हणाली, "पोरीच्या जातीला हातोडा कामून पाहिजे?" आमचे दादा, म्हणजे वडील, रोलिंग मिलमध्ये स्टोअरला होते, जालन्यात भंगार वितळवून सळया काढणाऱ्या मिल किती आहेत हे वेगळं सांगायला नको, तर दादा दिवसभर लोखंडातच असायचे. ते एवढंच म्हणाले, "जाऊ द्या अक्का, शिकंल की." आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खाकी कापडाचा एप्रन शिवायला टाकला.

फिटिंग शॉपमध्ये लांबच्या लांब लाकडी टेबलं आणि त्याच्या कडेला ओळीनं व्हाइस, म्हणजे तुकडा जबड्यात घट्ट धरणारे शिकंजे, बसवलेले. पहिला जॉब म्हणजे लोखंडी पट्टीचा तुकडा, तो कानशीनं घासून चारी बाजू सपाट आणि काटकोनात आणायच्या. वाटतं सोपं. पण कानस पुढं ढकलताना दाब द्यायचा आणि मागं आणताना उचलायची, हे हाताला कळायलाच कितीतरी तास जातात, आणि नवखा माणूस घासायला लागला की तुकडा हमखास मधून फुगीर होतो, कारण हात वर-खाली डुलतात. सर काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा खिडकीकडं धरायचे, गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला की काही न बोलता तुकडा परत आपल्या हातात. परत घासायचं. ओरडणं नाही, मार्क कापणं नाही, फक्त तो उजेड. आपलं काम बरोबर आहे की नाही हे मास्तरच्या मर्जीवर नाही, ते समोर दिसतं, ही जाणीव मला तेराव्या वर्षी तिथं झाली आणि आजपर्यंत तेवढी मोठी गोष्ट मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेली नाही.

आता एक गोष्ट जरा नीट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

तुकडा सपाट झाला की त्याच्यावर आखणी करायची असते, कुठं कापायचं, कुठं भोक पाडायचं. पांढऱ्या चकचकीत लोखंडावर स्क्रायबरची, म्हणजे आखायच्या टोकदार सळीची, रेघ काही दिसत नाही. मग सर एका बाटलीतून मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, पाणी काढायचे, त्यात जरासं आम्ल घातलेलं असायचं, आणि कापडाच्या बोळ्यानं ते लोखंडावर फिरवायचे. बघता बघता लोखंड तांबडं व्हायचं. रंग दिल्यासारखं नाही, खरोखरचा तांब्याचा पातळ थर. आणि त्याच्यावर स्क्रायबर ओढला की रेघ कशी लख्ख पांढरी उठून दिसायची. मी सरांना विचारलं की निळ्या पाण्यातून लाल रंग कुठून आला, तर ते म्हणाले लोखंड स्वतः पाण्यात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं, जागेची अदलाबदल.

त्या पावसाळ्यात मी मामाकडं गेले होते, बदनापूरच्या पुढं त्याची मोसंबीची बाग. मोसंबीला डिंक्या रोग लागू नये म्हणून खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी. मामा प्लास्टिकच्या टिपात कालवत होता आणि कालवून झाल्यावर त्यानं कमरेचा विळा काढून त्यात बुडवला, जरा वेळ धरला आणि वर काढून बघितला. पातं तांबूस झालेलं. "चुना कमी पडला," म्हणाला आणि चुन्याची निवळी आणखी ओतली. परत विळा बुडवला, या वेळी पातं जसंच्या तसं. मग ब्रश घेऊन खोडाला लावायला सुरुवात. मी तिथंच उभी राहिले. हे तर आमच्या फिटिंग शॉपमधलंच! मामाला रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण मोकळं तांबं पाण्यात शिल्लक असेल तर ते लोखंडावर बसतं आणि तसं द्रावण झाडाला इजा करतं, हे त्याच्या विळ्याला ठाऊक होतं. पुढं दहावीच्या पुस्तकात विस्थापन अभिक्रिया आली, समीकरण आलं, आमच्या वर्गात सगळे ते पाठ करत होते आणि मला पाठ करायची गरजच पडली नाही. मला ते समीकरण आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला असं लिहितात हे नव्यानं कळलं.

मला पाहिजे ती शाळा म्हणजे हेच. शेतातली गोष्ट, वर्कशॉपमधली गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट एकाच छपराखाली आली पाहिजे आणि ती जोडून देणारा माणूस तिथं पाहिजे. माझ्या बाबतीत ती योगायोगानं जोडली गेली, मामाची बाग होती म्हणून.

ड्रॉइंगचं पण सांगते. टॉप व्ह्यू, फ्रंट व्ह्यू हे सुरुवातीला कुणाच्याच डोक्यात शिरत नव्हतं. ड्रॉइंगच्या सरांनी धुण्याच्या साबणाची वडी आणली, चाकूनं एक कोपरा कापला आणि टेबलावर ठेवून म्हणाले आता वरून बघा, आता समोरून बघा, आता डावीकडं या. आम्ही टेबलाभोवती फिरत होतो आणि कागदावर चौकोन काढत होतो. आज कंपनीत कुठलंही ड्रॉइंग समोर आलं की वस्तू डोक्यात आपोआप फिरते, ती तेव्हापासून. आणि इलेक्ट्रिकलमध्ये जिन्याचं वायरिंग शिकले, दोन टू-वे स्विच आणि एक बल्ब, खालून लावा वरून बंद करा. आमच्या घराला जिना नव्हता पण आजीला रात्री उठायला लागायचं, तर दादांनी वायर आणून दिली आणि मी दारापाशी एक बटण आणि आजीच्या खाटेजवळ एक बटण असं करून दिलं. दादा मेन स्विचपाशी उभे होते, जोडणी त्यांनी तपासली आणि मगच चालू करू दिलं. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बटण दाबून दाखवायची.

मग हे सगळं मागं का पडलं? पूर्ण बंद नाही झालं, अशी केंद्रं आहेत अजून, पण आज कुठल्या घरात आठवीतल्या हुशार लेकराला टेक्निकल घे म्हणतात? माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे शिक्का. अभ्यासात बरा नाही ना, मग टेक्निकलला टाका, आयटीआयला टाका. हात काळे करणारं शिक्षण म्हणजे दुय्यम, ही आपल्या समाजाची जुनी खोड, तिची मुळं जातीपर्यंत जातात आणि ती अजून गेलेली नाही. दुसरं कारण अगदी साधं, शाळा एकीकडं आणि वर्कशॉप दुसरीकडं. उन्हातान्हात सायकल मारत जायचं, तोवर आपल्या शाळेत गणिताचा तास होऊन जायचा आणि तो कुणी परत शिकवायचं नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना वर्कशॉपमध्ये काय चाललंय याचा पत्ता नसायचा आणि वर्कशॉपच्या सरांना विज्ञानाचा धडा कुठवर आलाय हे माहीत नसायचं. दोघंही मनापासून शिकवत होते, पण त्यांची भेटच होत नव्हती.

खरं म्हणजे ही भेट घडवायचा विचार देशात फार आधी झाला होता. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली 1952 ला माध्यमिक शिक्षण आयोग बसला, त्यांनी 1953 च्या अहवालात सांगितलं होतं की बहुउद्देशीय शाळा काढा, एकाच शाळेत विज्ञान, तांत्रिक, शेती, वाणिज्य, कला, गृहविज्ञान असे प्रवाह ठेवा, म्हणजे मुलाला आपला कल बघून निवड करता येईल. नांदेडला मल्टिपर्पज हायस्कूल म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, ते नाव त्याच काळाची आठवण. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यातून बाहेर पडून पाचच वर्षं झाली होती, गावोगाव साधी शाळा नव्हती, तरी हा विचार इथवर पोचला होता. आणि आज आपल्याकडं पैसा त्याहून कितीतरी जास्त आहे.

मी सध्या वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दर वर्षी नवीन ट्रेनी येतात, बी.ई. झालेली पोरं, चांगली, नम्र, डोक्यानं तल्लख. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हातात दिलं की थबकतात. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात छोटं माप, काय विचारलं तर 0.02 मिलिमीटर हे उत्तर तोंडावर असतं, पण 49 मिलिमीटरचे 50 भाग केलेत म्हणून ते येतं आणि आपल्याला त्यातली नेमकी जुळणारी रेघ शोधायचीय, हे जॉबवर लावून बघायची वेळ आयुष्यात आलेलीच नसते. यात त्यांचा काडीचाही दोष नाही, मला त्यांना हसणाऱ्या सिनियर लोकांचा राग येतो. गेवराईकडचा एक मुलगा होता, त्याला मी आठवडाभर शेजारी उभं करून शिकवलं, तो झरझर शिकला, आणि मग एक दिवस जेवताना म्हणाला, "मॅडम, हे मला आठवीत मिळालं असतं तर मी मेकॅनिकल घेतलंच नसतं. मला ते पॅनलचं, वायरिंगचं काम आवडतं." चार वर्षं आणि बापाचं कर्ज खर्चून त्याला हे कळलं की आपल्याला काय आवडतं. लेकराला आपला कल कळायला पाहिजे तो चौदाव्या वर्षी, फॉर्म भरायच्या आधी.

बाहेर हे कसं करतात म्हणून मी वाचत असते. न्यूयॉर्क शहरात अशा सरकारी शाळा शंभर वर्षांपासून आहेत, स्टायव्हसंट 1904 ची, ब्रुकलिन टेक 1922 ची, ब्राँक्स सायन्स 1938 ची. फी नाही. ब्रुकलिन टेकच्या इमारतीत एके काळी धातू ओतायची फाउंड्री होती, शाळेच्या आत! ब्राँक्स सायन्समधून शिकून गेलेल्या सात जणांना पुढं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि यातली बरीच मुलं स्थलांतरित, साध्या घरातली. पण त्यांची दुखरी बाजूही बघितली पाहिजे. प्रवेश एकाच परीक्षेवर, त्यामुळं त्या परीक्षेचेच क्लास निघाले, आणि 2019 ला स्टायव्हसंटमध्ये देऊ केलेल्या 895 जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला फक्त 7 आल्या. आपण चाळणी परीक्षा लावली तर इथं काय होईल हे मला आत्ताच दिसतंय, सहावीपासून 'टेक्निकल स्कूल एंट्रन्स बॅच' चा बोर्ड लागेल. नवोदयचं तसंच झालंय ना, पाचवीतली चिमुरडी रात्री दहापर्यंत बुद्धिमत्ता चाचणी सोडवत बसतात.

नवोदय चांगली शाळा आहे, देशातल्या पहिल्या दोन नवोदयपैकी एक आपल्या अमरावतीला निघाली, खेड्यातल्या हजारो लेकरांचं त्यानं सोनं झालं. पण ती आहे मुख्यतः ग्रामीण मुलांसाठी. शहरातल्या गरिबाचं काय? बीडचा, परतूरचा, मंठ्याचा माणूस दुष्काळात गाव सोडून संभाजीनगरात मुकुंदवाडीला खोली करून राहतो, बाप कंपनीत कंत्राटी, आई धुण्याभांड्याला. त्यांची पोरगी नीटच्या क्लासचे पैसे कुठून आणणार? तिला शाळा एकच, महापालिकेची. आणि तिच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे कारखाने. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहिलं, 2024 ला ई-स्कूटरवाली एथर आणि गाड्यांची टोयोटा किर्लोस्कर दोघांनी बिडकीनला येत असल्याचं जाहीर केलं, जालन्यात मुंबईच्या आयसीटीचं, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, कॅम्पस 2018 पासून आहे. त्या गेटमधून तिनं आत जायचं ते इंजिनीअर म्हणून की कँटीनमध्ये पोळ्या लाटायला, हे आठवी ते बारावीत ठरतं. म्हणून मी बिनफीच्या सरकारी शाळेचा हट्ट धरते. पैसेवाला आपल्या लेकराला रोबोटिक्सचा किट घेऊन देईलच.

शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या केंद्र सरकारच्या योजनेतल्या खोल्या, 2016 पासून आल्या, शाळेला 20 लाखांपर्यंत निधी मिळतो, थ्रीडी प्रिंटर येतो, सेन्सर येतात. जिथं एखादा शिक्षक जीव ओतून करतो तिथं मुलं खूप सुंदर गोष्टी बनवतात, मी बघितल्यात. पण त्या शिक्षकाची बदली झाली की खोलीला कुलूप. एका खोलीवर आणि एका माणसावर हे चालत नाही, सगळी शाळाच त्यासाठी पाहिजे. दिल्ली सरकारनं 2021 ला विशेष विषयांच्या शाळा काढल्या, त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाचा वेगळा प्रवाह ठेवला, म्हणजे आपल्या देशात सरकार हे करू शकतं.

माझ्या डोळ्यासमोर जी शाळा आहे तिच्यात प्रवेश सोडतीनं, वॉर्डवार, निम्म्या जागा मुलींना. आठवीला सगळ्यांनी सगळं करायचं, कानस, रंधा, सोल्डरिंग, थोडं कोडिंग, मातीची आणि पाण्याची तपासणी. बोअरचं पाणी घरून बाटलीत आणायचं, त्याचा जडपणा वर्गात मोजायचा आणि वॉर्डाचा नकाशा करून भिंतीवर लावायचा. जालन्यातल्या मुलांनी मिलमधली सळई आणून वाकवून, ताणून बघायची, ती कुठं तुटते आणि का तुटते. गणिताच्या बाई आणि वर्कशॉपचे सर यांनी आठवड्याला एक तास समोरासमोर बसून काय शिकवायचं ते ठरवायचं, हे वेळापत्रकात लिहूनच टाकायचं, मर्जीवर ठेवायचं नाही. आणि जेईई, नीट द्यायची त्यांनी खुशाल द्यावी, त्याची तयारीही तिथंच, शाळेच्या वेळात. फक्त त्यासाठी वर्कशॉपचा तास मारायचा नाही.

शिकवणार कोण हे विचारतात सगळे. मी म्हणते माणसं आपल्याकडं भरपूर आहेत. चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूम ही साचे आणि अवजारं बनवायला शिकवणारी सरकारी संस्था आहे, तिथून शिकलेले लोक शहरभर पसरलेत. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 ला सुरू झाला, त्याच्या आजूबाजूला वाढलेल्या कंपन्यांमधली पहिली पिढी आता रिटायर होतेय, ज्यांच्या बोटांना मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो अशी माणसं सकाळी गार्डनला फेऱ्या मारून घरी येऊन टीव्ही बघतायत. नियम बदला, बी.एड. नसलं तरी त्यांना मानधनावर वर्कशॉपला घ्या, जोडीला तरुण शिक्षक द्या म्हणजे दोघंही एकमेकांकडून शिकतील. आमच्या टूल रूमचे काका मागच्या वर्षी निवृत्त झाले, त्यांच्यापाशी मी हा विषय काढला तर त्यांनी मला पुढचं बोलूच दिलं नाही. म्हणाले, "तू शाळा कुठं निघते तेवढं सांग. मी आठवड्याला दोन दिवस येतो, पैसे नाही दिले तरी चालतील. पण व्हाइस घेताना मला सोबत न्या. सैल जबड्याचा व्हाइस असला ना, तर लेकरू आयुष्यभर वाकडंच घासत बसतं."